पात्र सांगावे, तसे प्रक्षालनही सांगावे

पथ्यपत्रकावर आपण सर्वच वैद्य काही ठरावीक वाक्ये लिहीत असतो. ‘भाजी लोखंडी कढईत करावी’, ‘पिण्याचे पाणी रात्रभर ताम्रपात्रात ठेवावे’, ‘दही मातीच्या भांड्यात विरजावे’, ‘निजताना काशाच्या वाटीने तळपाय घासावेत’. पात्र कोणते ते आपण सांगतो. ते धुवावे कसे, हे मात्र रुग्णाच्या घरच्या रीतीवर सोपवून मोकळे होतो. एका पिढीपूर्वी त्यात फारसे बिघडत नसे. मोरीत राख, चिंचेचा चोथा आणि नारळाची शेंडी ठेवलेली असे आणि कोणत्या भांड्याला काय लावायचे, हे कोणाला विचारावे लागत नसे.

आता ती रीत पुष्कळ घरांतून गेली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत घरकामाच्या स्त्रियांचे येणे थांबले आणि शहरांतील अनेक घरांत भांडी धुण्याचे यंत्र आले. पुढे त्या स्त्रिया कामावर परतल्या, पण यंत्रही घरात राहिले. दुसरीकडे आपण सांगितले म्हणून, किंवा कोठेतरी वाचले म्हणून, तांब्याचे तांबे, बिडाचे तवे आणि कल्हईची पातेलीही स्वयंपाकघरात परत आली. ज्या घरात ही जुनी भांडी नव्याने आली, बहुधा त्याच घरात यंत्रही आहे. या दोहोंची गाठ पडते तेथे काय होते, याचा विचार करणे वैद्यांचे काम आहे. कारण त्या पात्राची शिफारस आपली आहे.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मासला पाहावा. ‘कढईतल्या भाजीला लोखंडाचा वास येतो, म्हणून ती माळ्यावर टाकली.’ ‘तांब्याच्या बाटलीतले पाणी प्यायले की मळमळते.’ ‘मडक्यातल्या दह्याला साबणाची चव लागते.’ यांतील प्रत्येक तक्रारीत खोलवर विचारपूस केली असता दोष पात्राचा नव्हे, धुण्याचा निघतो. रुग्ण मात्र दोष पात्राला देतो, आणि क्वचित शास्त्रालाही.

पात्रभेद आणि द्रव्यभेद

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात, अन्नपानविधीत, कोणता पदार्थ कोणत्या पात्रात द्यावा हे सांगितले आहे. घृत लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, पाणी व पानके मृत्पात्रात, असा तो क्रम आहे. पदवीच्या पहिल्या वर्षापासून आपण तो पाठ करतो. पात्रशुद्धीचा विषय मात्र आपल्या पाठ्यक्रमात जवळजवळ नाही. तो स्मृतिग्रंथांकडे गेला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व जल यांनी ‘यथायोग्य’ करावी, असा निर्देश आहे. धातुपरत्वे द्रव्य बदलावे, हा त्यातला व्यवहार. कासे राखेने व तांबे आंबटाने उजळते, हे तर ज्यांनी एकही ग्रंथ वाचला नाही त्या स्त्रियांनाही ठाऊक होते.

यंत्राला हा भेद कळत नाही. ते एकच द्रव्य जाणते आणि ते म्हणजे क्षार. यंत्रात घालण्याच्या चूर्णात वा वडीत मुख्यत्वे धुण्याचा सोडा, प्राणवायू सोडणारे विरंजक द्रव्य आणि पिष्ट व प्रथिने फोडणारी एन्झाइमे असतात. हातांनी भांडी घासताना आपण जो द्रव साबण वापरतो त्याहून हे मिश्रण कितीतरी अधिक क्षारधर्मी असते; म्हणूनच त्याला हात लावू नये, अशी सूचना वेष्टनावर असते. पाणी साधारणपणे ५० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापते, आणि एक फेरी तास-दीड तासापासून तीन तासांपर्यंत चालते. पुढे उष्णतेने वाळवणे आले.

येथे कोणी म्हणेल की राखेतही क्षारच असतो. खरे आहे. पण मृदु, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार आपल्याच क्षारपाकविधीत सांगितले आहेत. राख हा मृदु क्षार. तो थंड पाण्यात कालवून, दोन मिनिटे घासून, लगेच विसळून टाकला जाई. यंत्रातला क्षार तीक्ष्ण, त्याला उष्ण जलाची जोड, आणि संपर्काचा काल तासावारी. द्रव्य एकाच कुळातले असले तरी मात्रा व काल बदलले की कर्म बदलते, हे वैद्यांस निराळे सांगावयास नको. लेखन हे क्षाराचे कर्म आहे. चिकट खरकटे तो जसा खरवडतो, तसेच पात्राच्या पृष्ठभागावर जे काही टिकवावयाचे असते तेही खरवडतो.

यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. स्टेनलेस स्टीलची ताटे, वाट्या, पेले, काचेची भांडी व साधी चिनीमाती यांसाठी ते उत्तम आहे, आणि उष्ण जलामुळे स्वच्छताही चांगली होते. ते जन्मलेच मुळी चिनीमातीसाठी. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले. नोकरांच्या हातून आपल्या उंची बशांचे टवके उडतात, या वैतागातून त्यांना ते सुचले असे सांगतात. त्यांच्यासमोर बशा होत्या. बिडाचा तवा, कल्हईचे पातेले आणि रवी नव्हती. यंत्राकडून त्याच्या जन्महेतूबाहेरचे काम आपण घेत आहोत, एवढेच ध्यानी ठेवावे.

कल्हईचे भांडे

सर्वांत अधिक जपावे असे पात्र कल्हईचे. पितळेचे भांडे भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने कल्हईवाला जो पांढरा लेप आतून पसरवतो, तो अगदी पातळ असतो. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये तेवढीच काय ती भिंत. ती गेली की ताक, आमटी, सार हे पदार्थ कळकतात. ‘कळकणे’ हा शब्द मराठीत आहे, याचा अर्थच असा की हा अनुभव घरोघरचा होता.

या भिंतीचे महत्त्व किती, हे महाराष्ट्रातील वैद्यांना तरी विसरता येणार नाही. पूर्वी आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या आतबाहेरच्या बालकांत यकृत कठीण होत जाऊन बालक दगावण्याचा एक विकार आढळे. आधुनिक वैद्यकात त्याला भारतीय बालयकृत-सिऱ्होसिस असेच नाव पडले होते. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात टॅनर, कांटार्जियन, भावे व पंडित यांचा शोधनिबंध आला. पुण्यातील बालरुग्णांशी संबंधित या कामाचा रोख असा होता की तान्ह्या बाळाला लवकर वरचे दूध सुरू करणे आणि ते दूध पितळी भांड्यांत तापवणे व साठवणे, यांतून तांबे यकृतात साठत जाते. दुधातील प्रथिने तांब्याला घट्ट धरून ठेवतात, हेही पुढील अभ्यासांत दिसले. कारणमीमांसेबद्दल आणखी मते आहेत, काही बालकांत आनुवंशिक प्रवृत्तीचाही विचार झाला आहे. परंतु बाळाचे दूध पितळी भांड्यांतून हलले आणि हा विकार दुर्मिळ होत गेला, ही घटना आपल्यासमोर आहे.

सुश्रुताचार्यांनी तर तापवून थंड केलेले दूध ताम्रपात्रात द्यावे असे म्हटले आहे, मग याची संगती कशी लावावयाची, असा प्रश्न आम्हांला तरुण वैद्य विचारतात. आमचे मत असे : तो उल्लेख वाढण्याच्या पात्राचा आहे, उकळण्याच्या व साठवण्याच्या पात्राचा नाही, आणि तो भोजन करणाऱ्या प्रौढाविषयी आहे, केवळ दुधावर असलेल्या तान्ह्याविषयी नाही. पळभर पात्रात असणे आणि दिवसभर त्यात तापत-निवत राहणे, यांत मोठे अंतर आहे. तरीही आजच्या काळी दुधासाठी तांबे वा पितळ आम्ही कोणालाच सुचवीत नाही. स्टीलचे पातेले त्या कामाला निर्दोष आहे.

तर असे हे कल्हईचे भांडे यंत्रात गेले म्हणजे काय होते? तीव्र क्षारात कथील टिकत नाही. ते काळवंडते आणि हळूहळू झिजते. बाहेरील पितळावर काळसर वा तांबूस डाग चढतात ते निराळेच. रोजच्या यंत्रस्नानाने कल्हई आपल्या आयुष्यापूर्वीच जाते, आणि आतला रंग बदलला तरी ‘स्वच्छ तर आहे’ म्हणून भांडे चालूच राहते. खरा धोका हा आहे.

हातांनी धुतानाही तारतम्य हवे. तारेची घासणी कल्हईला वर्ज्य. खाली लागलेले अन्न खरवडू नये. कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवावे, मऊ फडक्याने वा काथ्याने हलकेच काढावे. रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण पुरेसा आहे. चिंच, लिंबू-मीठ किंवा पितळ उजळण्याचे बाजारी चूर्ण हे फक्त बाहेरून लावावयाचे. पुष्कळ उत्साही गृहिणी तेच आतूनही घासतात आणि आतले भांडे सोन्यासारखे चमकू लागले की समाधान पावतात. आतून सोन्यासारखे दिसणारे पितळी भांडे म्हणजे कल्हई गेलेले भांडे. ते स्वयंपाकातून त्याच दिवशी बाजूला काढावे. रिकामे भांडे चुलीवर तापवत ठेवण्याचीही खोड वाईट. कथील २३२ अंशांना वितळते, आणि रिकामे पातेले भरभर तापते.

कल्हईवाले आता दारावर क्वचितच येतात. जेथे आहेत तेथे त्यांच्याकडून शुद्ध कथीलच वापरून घ्यावे. शिसे मिसळलेले स्वस्त कथील अन्नाच्या भांड्याला लागणे, हे बिनकल्हईच्या पितळाहूनही वाईट. ज्या गावात विश्वासाचा कल्हईवाला नाही, तेथील रुग्णाला पितळेचे पातेले सुचवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तांब्या, बाटली आणि काशाची वाटी

ताम्रजलाचा विचार थोडा निराळा. २०१२ साली बेंगळुरू येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ताम्रपात्रात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जंतू नष्ट झालेले आढळले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होते. ही मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. हे कर्म पाणी व तांबे यांच्या संपर्कातून घडते, तेव्हा पात्राचा आतला पृष्ठभाग उघडा व स्वच्छ असला पाहिजे. त्यावर शेवाळलेला थर, हिरवट कळंक किंवा साबणाचा पापुद्रा असेल तर आपण सुचवलेले पात्र ते राहिलेच नाही.

यंत्रात तांबे काळवंडते. हातांनी मात्र ते दोन मिनिटांचे काम आहे : चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड व मीठ आतून-बाहेरून फिरवावे, आणि भरपूर पाण्याने, आंबटाचा अंशही न उरेल असे, विसळावे. आम्लाने तांबे सुटते, म्हणूनच ते उजळते. ते सुटलेले तांबे पोटात जाता कामा नये. उजळल्यानंतर पहिले भरलेले पाणी आम्ही झाडांना घालावयास सांगतो. आठवड्यातून दोनदा असे उजळणे पुरे. रोज नुसते विसळून फडक्याने कोरडे करावे. या पात्रात सरबत, ताक, लिंबूपाणी ठेवू नये हे तर उघडच आहे.

येथे तांब्याच्या बाटलीविषयी लिहिणे भाग आहे. अरुंद तोंडाची ही बाटली हल्ली भेट म्हणूनही देतात. तिच्यात हात जात नाही. जेथे हात जात नाही तेथे लिंबाची फोडही पोहोचत नाही आणि आत काय साचले आहे तेही दिसत नाही. मळमळीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांना आम्ही बाटलीत उजेड पाडून आत पाहावयास सांगतो. हिरवे ठिपके दिसले की औषधयोजनेची आवश्यकता बहुधा उरत नाही. रुंद तोंडाचा साधा तांब्या वा कळशी सुचवावी, बाटली नको.

काशाची वाटी पादाभ्यंगासाठी आपण सुचवतो, पण तिच्यावर राहिलेल्या करड्या, तेलकट लेपाचे काय करायचे ते सांगत नाही. कासे कठीण असले तरी ठिसूळ असते. यंत्रातल्या आपटाआपटीत वा हातून पडून ते तडकते. वाटीला आधी डाळीचे पीठ चोळून स्नेह काढावा, मग बारीक चाळलेली राख किंवा सौम्य साबण लावून धुवावी. घृत उरले तर वाटीतच ठेवू नये. कांस्यपात्रात दहा रात्री राहिलेले घृत विरुद्ध, हे अष्टांगहृदयातील वचन सर्वांच्या स्मरणात आहेच. पायाची वाटी जेवणाच्या भांड्यांत मिसळू नये, हेही एकदा बोलून दाखवावे; लहान कुटुंबांत आता ते सांगणारे कोणी नसते.

लोखंड, बीड आणि गंजाचा गैरसमज

पांडुरोगात लोखंडी कढईची योजना आपण करतो, आणि ती योग्य आहे. आंबट पदार्थ लोखंडात शिजले की लोहांश अन्नात उतरतो. पण कढई चांगली चालते ती तिच्यावर तेल तापून बसलेल्या काळ्या, गुळगुळीत थरामुळे. हा थर मळ नव्हे. तेल पुन्हापुन्हा तापून धातूवर घट्ट बसल्याने तो तयार होतो, आणि तोच कढईला गंजापासून वाचवतो. बिडाच्या तव्यावर घावन वा धिरडे सुटून येते तेही त्याच्यामुळे. यंत्रातील तीक्ष्ण क्षार नेमका हा थर उडवतो. कढई करडी पडून बाहेर येते, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर तांबूस गंज धरतो. मग भाजी काळी पडते, वास येतो, आणि कढई माळ्यावर जाते. पांडुरोगी स्त्रीचा उपाय असा परस्पर बंद पडतो. तिने सांगितल्याशिवाय आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

याच्या उलट एक गैरसमजही आढळतो. ‘गंज पोटात गेला तर बरेच, लोहच ते,’ असे एका रुग्णाच्या यजमानांनी आम्हांला हसत हसत ऐकवले. गंज म्हणजे लोहभस्म नव्हे. शोधन, मारण आणि पुटे यांतून गेल्याशिवाय लोह औषध होत नाही, एवढे तरी रुग्णांना ठणकावून सांगावे.

लोखंडाची रीत सोपी आहे. भाजी होताच दुसऱ्या भांड्यात काढावी. कढई कोमट असतानाच पाणी व नारळाच्या शेंडीने घासावी. अगदी चिकट असेल तर थोडे जाडे मीठ किंवा पीठ लावावे. भिजत टाकू नये. धुतल्याबरोबर फडक्याने पुसून मंद आचेवर पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावी. ज्यांच्या कढईचा थर गेला आहे त्यांनी ती फेकू नये. गंज घासून काढून, तेल लावून तापवणे पाच-सहा वेळा केले की थर पुन्हा धरतो. विळी, खवणी आणि लोखंडी सुऱ्या यांचेही असेच. विळी तर यंत्रात मावतही नाही, हे एक बरे आहे.

लाकूड, माती, दगड

लाकडी वस्तूंना उष्ण जलात तासभर ठेवणे म्हणजे त्यांना स्वेदन देऊन लगेच उन्हात रूक्ष करण्यासारखे आहे. लाकूड फुगते, मग आक्रसते, आणि शिरेवर चीर पडते. पोळपाटाच्या चिरेत कणीक, रवीच्या खाचेत ताक, पळीच्या भेगेत आमटी राहते आणि तेथेच आंबते. ओल्या हातांनी पटकन धुऊन, पुसून, पोळपाट आडवा न ठेवता कडेवर उभा करून वाऱ्यावर वाळवावा. काठवट जेथे अजून वापरात आहे तेथे पीठ वाळण्यापूर्वीच पाण्याचा हात फिरवावा. रवीला गरम पाण्याच्या भांड्यात घुसळले की तिच्या खाचा आपोआप निघतात.

बिनझिलईचे मातीचे भांडे सच्छिद्र असते. पाणी गार करणारा हा गुणच धुताना अडचण होतो, कारण त्या छिद्रांतून साबणही आत शिरतो आणि पुढच्या विरजणात उतरतो. दह्याच्या मडक्याला गरम पाणी, तांदळाचे वा डाळीचे पीठ आणि काथ्या पुरतो. मग दिवसभर कडक ऊन. दोन मडकी आलटून पालटून वापरली की एकाला ऊन मिळत राहते. वास लागलेले मडके पुन्हा दह्याला घेऊ नये. त्यात रोप लावावे.

आणखी काही वस्तू केवळ नोंदवून पुढे जातो. अ‍ॅल्युमिनियमची व त्यावर कडक लेप चढवलेली काळी भांडी क्षाराने डागाळतात. मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी फिरणाऱ्या पात्याचे वंगण धुऊन जाते. चांदीची वाटी-पळी स्टीलबरोबर यंत्रात ठेवल्यास काळी पडते; बाळाच्या गुटीची वाटी म्हणूनच वेगळी धुवावी. निर्लेप तव्यांचे उत्पादक काहीही सांगोत, हातांनी धुतलेला तवा अधिक दिवस टिकतो. प्रेशर कुकरचे मात्र मनावर घ्यावे. त्याचे झाकण, शिट्टी आणि रबरी कडे हातांनीच धुवावे आणि वाफेच्या नळीतून प्रत्येक वेळी उजेडाकडे पाहावे. पेज, डाळ, कडधान्य यांचा फेस त्या नळीत वाळून बसतो. यंत्र झाकण चकचकीत करील, नळी मोकळी झाली की नाही हे पाहणार नाही.

धुणारे हात

‘हातांनी धुवावे’ असे लिहिताना ते हात कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. पाचसहा घरची भांडी घासणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे विचर्चिकेसाठी येतात. बोटांच्या बेचक्यांत भेगा, तळहात कोरडे, रात्री खाज. त्यांना स्नेहन, लेप, रक्तप्रसादक काढे आपण देतो, आणि सकाळी त्या पुन्हा साबणाच्या पाण्यात हात घालतात. निदानपरिवर्जन शक्य नसलेल्या रोग्याचे काय करावे, याचे उत्तर कोणत्याही चिकित्सास्थानात सोपे नाही. अशा स्त्रीला, आणि ज्या गृहिणीचे हात तसे फुटलेले आहेत तिलाही, यंत्र हे खरेखुरे निदानपरिवर्जन आहे. म्हणून यादी लहानच ठेवावी. स्टील, काच, चिनीमाती यंत्रात जाऊ द्यावी. वर सांगितलेली आठदहा भांडी तेवढी हातांनी धुवावीत, आणि ती घरच्यांनी धुवावीत. त्यांतली बहुतेक राख, पीठ, चिंच वा नुसत्या पाण्याने निघणारी आहेत. साबणाशी फार काळ संबंध येतच नाही. तरीही अंगठी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली साबण साचून तेथेच प्रथम खाज सुटते. हातमोजे घालावयाचे तर आत सुती मोजा असावा. काम संपताच हात पुसून खोबरेल तेल लावावे. भेगांवर चिंच-लिंबू चुरचुरते, तेव्हा तांबे उजळण्याचे काम हात बरे होईपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. पुरुषांच्या हातांनीही तांबे तितकेच उजळते.

आपल्या पथ्यपत्रकांच्या छपाईत एवढा बदल सहज करता येईल. ‘लोखंडी कढईत भाजी करावी’ या ओळीखाली ‘यंत्रात धुऊ नये, कोरडी करून तेल लावावे’ अशी ओळ घालावी. ताम्रजलाखाली ‘रुंद तोंडाचे पात्र, आठवड्यातून दोनदा आंबटाने उजळून भरपूर विसळावे’. मृत्पात्राखाली ‘साबण नको, ऊन हवे’. आमच्या पत्रकात आम्ही या ओळी घातल्या आहेत, आणि पुढच्या भेटीला ‘कढई चालू आहे ना?’ असे विचारण्याचा प्रघात ठेवला आहे.

राहता राहिला आपला खल. लहान चिकित्सालयांत औषधे घरीच खलणारे वैद्य अजून आहेत, आणि खल धुण्यासाठी घरच्या मोरीत जातो, हेही आम्ही पाहतो. वनस्पतींच्या चूर्णांचा खल आणि रसकल्पांचा खल निराळे असलेच पाहिजेत. वत्सनाभ, भल्लातक यांसाठी तिसरा ठेवणे उत्तम. दगडी खलाला साबण लावू नये, तो दगडात मुरतो. मूठभर जाडे तांदूळ वा मीठ घालून कोरडेच खलावे, ते झटकून टाकावे, मग गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथा घालावा. रसकल्पांच्या खलातील ते तांदूळ व ते पाणी मोरीत किंवा कुंडीत जाऊ देऊ नये. झाकणाच्या निराळ्या बरणीत साठवून त्याची विल्हेवाट घातक टाकाऊ द्रव्याप्रमाणे लावावी, आणि त्या बरणीवर नाव घालावे.